मागल्या दाराचं ताट

इंदुबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं खुशाल म्हणावं. उभी हयात मासळीची पाटी घेऊन बाजारात बसलेली बाई ती. कालचं पापलेट आजचं म्हणून विकायचं झालं तर तोंडावरची माशी हलू देणार नाही. पण ते धंद्यातलं खोटं, त्याचं पाप लागत नाही, असं तिला सासूनंच शिकवलं होतं. घरातलं खोटं वेगळं. त्यातलं मोठं असं ती एकदाच बोलली, तेही दारात आलेल्या पाहुणीशी, तिच्या हातात चहाचा कप देऊन.

तेव्हा ती मीरा रोडला सिल्व्हर पार्कात लेकाकडे राहत होती. नवरा गेला, मग गुडघे गेले, आणि निकेत म्हणाला, आई, आता गावी पालीला एकटी नको राहूस. आली बिचारी. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. खाली भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या बेनशी मोडकंतोडकं गुजराती आणि सुनेशी, रीमाशी, जपून मराठी. दिवसभर तोंडाला व्यायाम होता म्हणायचा, पण पोटातलं बोलायला कुणी नव्हतं. ते बोलायला विमलाबाई होती, आणि विमलाबाई राहिली पालीला.

विमलाबाई ही मागल्या अंगणाची शेजारीण. दोघींची मागली दारं समोरासमोर. मधे अंगण आणि कडेला समुद्र. मूल ना बाळ, नवरा लवकर वारला, एका खोलीत राहून दुसऱ्यांची मासळी वाळवून पोट भरणारी. इंदुबाईच्या बंद घराची चावी तिच्याकडे असायची. वर्षातून दोनदा इंदुबाई बस पकडून पालीला जायची, एकदा नारळी पुनवेला आणि एकदा सर्वपित्रीला. सर्वपित्रीला तर ती ताप असला तरी जायची, कारण त्या दिवशी त्या घरात एक ताट मांडायचं असायचं.

त्या ताटाचं असं होतं. पितरांचं पान सगळ्या गावात वर कौलांवर ठेवतात, कावळ्यासाठी. इंदुबाईच्या सासरी त्याशिवाय एक ताट जास्तीचं. ते मागल्या दाराच्या उंबऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून मांडायचं. भात, वडे आणि अमावास्या असली तरी तळलेल्या मासळीची एक तुकडी. मग तांब्यातलं पाणी ओंजळीनं सोडायचं आणि म्हणायचं, गेलेल्या, ये, जेवून जा. सासूनं सांगितलेलं कारण असं, की या घरातला एक धाकटा पोर फार मागे थोरल्या भावाशी जाळ्यावरून भांडला आणि घर सोडून गेला, समुद्रापलीकडे म्हणे. जाताना आईनं त्याला सांगितलं, येशील तेव्हा मागल्या दारानं ये, थोरल्याला कळणार नाही, मी ताट ठेवीन. पोरगा आला नाही. म्हातारी मरेपर्यंत ताट ठेवत राहिली, तिच्यामागे सुना, सुनांच्या सुना. त्याचं नाव काय, गेला कुठं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. इंदुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून ते ताट तिच्याकडे होतं, आणि एकदाही चुकलं नव्हतं. विमलाबाई समोरच्या दारातून दरवर्षी हे बघत आली होती.

आता पालीच्या घराची जागा. घर साधंच, पण समुद्राला लागून, आणि समुद्राला लागून म्हटलं की हल्ली लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. एका पार्टीला तिथं रिसॉर्ट बांधायचं होतं. निकेत आणि त्याचा चुलत भाऊ अल्पेश दोघं त्या व्यवहारात गळ्यापर्यंत बुडाले होते. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, असं पार्टीचं म्हणणं. मागे एकदा वसईची एक चुलत नणंद सहज म्हणून आली, मला काही नको गो, फक्त घर डोळ्यांखालून घालते म्हणाली, वडे खाऊन गेली, आणि पाठोपाठ तिच्या वकिलाची नोटीस आली. पहिला व्यवहार त्यात बोंबलला. तेव्हापासून अल्पेश ताकही फुंकून प्यायचा.

अशात भाद्रपदात निकेतला एक फोन आला. मॉरिशसहून आलेली कुणी उर्मिला राघोजी नावाची बाई. आपल्या पणजोबांच्याही वडिलांचं घर शोधत पालीला गेली होती, तिथं तिला लोकांनी सांगितलं, जुनं काही विचारायचं तर इंदुबाईला विचारा, ती मीरा रोडला असते. निकेतनं ये म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या अल्पेशला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून म्हातारीला पढवलं. ती बाई काहीही बोलली तरी ओळख द्यायची नाही, आपल्यातलं कुणी कधी कुठे गेलं नाही, विषय संपला.

"पण आपली असली तर?" इंदुबाईनं विचारलं.

"काकी, आपली असली तर जास्तच न्हाय म्हणायचं," अल्पेश म्हणाला.

उर्मिला आली ती साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. पन्नाशीला टेकलेली, सावळी, रुंद कपाळाची. आत आल्या आल्या ती इंदुबाईच्या पाया पडली. तिकडे शाळेत मराठी शिकवत होती म्हणे. त्यामुळे बोलणं पुस्तकातलं. आपणांस भेटून फार आनंद झाला, असं ती म्हणाली तेव्हा रीमा तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली. इंदुबाई मात्र हसली नाही. तिला ते कपाळ कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. सासरे असेच होते, रुंद कपाळाचे.

मग उर्मिलानं सगळी हकीकत सांगितली. तिचा मूळपुरुष राघो. तरणाताठा पोर, घरातून रुसून निघाला तो मिठागरावरच्या गड्यांबरोबर चालत भाईंदरला आला. तिथं रेल्वे तेव्हा नवीनच होती. मुंबईला काम आहे असं सांगून एका मुकादमानं त्याला गाडीत बसवलं. मुंबईत कळलं की काम समुद्रापलीकडे आहे, साखरेच्या बेटावर. जहाज शिडाचं होतं. कोळ्याचा पोर म्हणून तो लाटांना भ्यायला नाही, पण बरोबरचे शेतकरी ओकून ओकून अर्धे झाले, दोघंतिघं वाटेतच गेले. पलीकडे उतरल्यावर पुन्हा रेल्वे. डब्यात उभं करून त्यांना उसाच्या मळ्यात नेऊन सोडलं. समुद्रावरचा माणूस, त्याला तिथं समुद्र दिसायचा नाही. करार संपला तेव्हा परत यायची सोय होती, पण थोरल्या भावासमोर रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ करत तो राहिला तो राहिलाच.

उर्मिला त्याच्या वाटेनं उलटी निघाली होती. तिकडची रेल्वे कधीच बंद पडलेली, तर ती उसातून त्या जुन्या मार्गानं पायी चालली. जहाजं आता माणसं नेत नाहीत म्हणून तेवढं विमान. मुंबईला उतरल्यावर आधी गोदीपाशी जाऊन उभी राहिली, आणि मग भर दुपारी रिकाम्याशा गाडीत खिडकीशी बसून भाईंदरला आली, मांडीवर बापाचा फोटो घेऊन. बाप गेल्या वर्षी वारला. त्याचीच ही इच्छा होती.

"मला दुसरे काहीही नको, मावशी," ती म्हणाली. "आमच्याकडे सर्वपित्रीला मागच्या दाराशी एक ताट ठेवतात. राघोबाबांनी सुरू केले. ते म्हणत, आई तिकडे माझ्यासाठी ताट ठेवते, मग मी इकडे तिच्यासाठी ठेवतो, ती उपाशी राहायला नको. माझ्या वडिलांनी शेवटी सांगितले, मला एकदा आपल्या घरच्या माणसाच्या हातचे पाणी दे. घरच्याच हातचे. तेवढ्यासाठी मी आले."

 इतकी वर्षं ज्याला इंदुबाई नुसतं गेलेल्या, गेलेल्या म्हणत होती त्या माणसाला नाव होतं. राघो. आणि तो तिकडे बसून पालीच्या उंबऱ्याकडे तोंड करून आईला जेवायला वाढत होता. तिला वाटलं उठावं, पोरीला पोटाशी धरावं आणि सांगावं, अगो, मी आहे ना, मीच ते ताट ठेवते. शब्द अगदी ओठापर्यंत आले. तेवढ्यात तिनं वर बघितलं तर निकेत भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होता. रागानं नाही, काकुळतीनं. कर्ज काढून घेतलेल्या त्या फ्लॅटमध्ये लेक बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपायचा आणि म्हातारीला पलंग द्यायचा. आईची माया म्हणजे काय विचारू नका, ती एकाला पोटाशी धरताना दुसऱ्याला लोटते.

"न्हाय गो पोरी," ती म्हणाली. "आमच्यातला असा कोन गेलेला न्हाय. भाईंदरच्या मिठागरावं रायगडची मानसं लय यायची. तुजा राघो त्यातला असल."

"आणि मागच्या दाराचे ताट? तसे पालीत कुणी ठेवते का?"

"कावल्याला ठेवतात. मागल्या दाराला कशाला ठेवतील?"

 उर्मिला म्हणाली, बरे झाले आपण स्पष्ट सांगितले, नाहीतर मी उगाच आशेवर राहिले असते. चहा तिनं पुरा प्यायला, उष्टं टाकायला नको म्हणून. लिफ्टपाशी पुन्हा वाकून पाया पडली. इंदुबाईनं आशीर्वाद दिला, कारण हात आपोआप वर गेला.

दार लागलं आणि अल्पेश म्हणाला, काकी, एक नंबर. त्या रात्री निकेतनं आईसाठी मुद्दाम बाहेरून आइस्क्रीम आणलं. तिनं ते वितळू दिलं. रीमानं विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय. दात कसला दुखतोय, कवळी होती तिची.

आठवडाभरानं पोरं वकिलाकडे जाऊन आली ती हसतच. अल्पेशनं सहज म्हणून मॉरिशसच्या बाईचा विषय काढला होता, तर वकील इतका हसला म्हणे की त्याला ठसका लागला. एवढ्या पिढ्यांमागं गेलेल्या माणसाच्या वंशातलं कुणी येऊन तुमची जागा मागेल? कुठल्या कागदावर तिचं नाव? अहो, तिला घरी नेऊन पुरणपोळी वाढली असती तरी तुमचं एक इंच कुठं गेलं नसतं. उगाच घाबरलात. दोघं हे सांगून सांगून हसत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

इंदुबाई हसली नाही. तिला त्या एका वाक्यानं आतून सोललं. खरं बोलल्यानं व्यवहार मोडणार असता, लेक रस्त्यावर येणार असता, तर निदान मनाला सांगता आलं असतं की लेकरासाठी केलं. इथं तर कशासाठीच केलं नव्हतं. फुकट केलं होतं. दारात आलेल्या रक्ताच्या माणसाला फुकट हाकललं होतं. तिनं निकेतकडे त्या बाईचा नंबर मागितला. त्यानं तो त्याच दिवशी ब्लॉक करून डिलीट केला होता.

"आता कशाला, आई? तूच न्हाय म्हणालीस ना," तो म्हणाला.

 मी म्हटलं न्हाय ते तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं रे, हे लेकाला कसं सांगणार? ती नुसती गॅलरीत जाऊन बसली. त्यानंतर रोज संध्याकाळी ती तिथं बसायची आणि खाली गेटमधून येणारी प्रत्येक साडीवाली बाई निरखून बघायची.

सर्वपित्रीला ती पहाटेच उठली. वडे तळले, सुरमईची तुकडी तळली, सगळं डब्यात भरलं आणि सकाळच्या बसनं पालीला निघाली. मनाशी ठरवलं होतं, आज नावानं हाक मारायची. राघो, ये. आणि क्षमा मागायची. मेलेल्या माणसाकडे क्षमा मागणं त्यातल्या त्यात सोपं, तो तोंडावर दार लावत नाही.

चावीसाठी ती विमलाबाईकडे गेली तर पुढलं दार आतून बंद. आत बोलण्याचा आवाज होता. मग बोळातून वळसा घालून ती मागल्या अंगणात आली आणि तिथंच थबकली. विमलाबाईच्या मागल्या दाराच्या उंबऱ्यावर ताट मांडलं होतं. समुद्राकडे तोंड करून. भात, वडे, मासळीची तुकडी. शेजारी उर्मिला बसलेली, मांडीवर बापाचा फोटो. आणि विमलाबाई वाकून ओंजळीनं पाणी सोडत होती.

"राघो, ये," ती म्हणत होती. "या पोरीच्या बापाला बरोबर घिऊन ये. दोगं जेवून जा."

उर्मिला हमसून हमसून रडत होती. पण ते रडणं वेगळं होतं. असं रडू माणूस घरी पोचल्यावर रडतं.

इंदुबाईला बघताच ती उठली, डोळे पुसून धावत आली आणि तिचे दोन्ही हात धरले. मावशी, घर सापडलं म्हणाली. तुमच्याकडून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी आठवण म्हणून नुसती मूठभर वाळू न्यायला ती पालीला आली होती, ऊन लागलं म्हणून विमलाबाईच्या दारात पाणी मागितलं. बोलता बोलता ताटाची गोष्ट निघाली. विमलाबाई म्हणाली, ही चाल आमचीच, हेच राघोचं घर आणि मी इथलीच लेक. झालं. उर्मिलानं हॉटेल सोडलं आणि तेव्हापासून ती या आत्याकडेच राहत होती, त्या एका खोलीत, चटईवर. रोज संध्याकाळी फोनवर तिकडची सगळी माणसं आत्याला बघायला गोळा व्हायची. लहान पोरं रांगेत उभी राहून मराठीत नमस्कार म्हणायची. आता उद्या तिचं विमान होतं.

एवढं सांगून उर्मिला आत गेली, आत्याच्या बहिणीसारख्या शेजारणीसाठी चहा टाकायला. अंगणात दोघी म्हाताऱ्या राहिल्या. इंदुबाईला विमलाबाईच्या तोंडाकडे बघवेना.

"तुला ठावं होतं, विमल," ती शेवटी म्हणाली.

"ठावं नसाला काय झालंय. इतकी वरसं बगते तुजं ताट." विमलाबाईनं पदरानं हात पुसले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. "तू तिला न्हाय म्हटलंस. आता तुज्या घराच्या वतीनं मी हाय कशी म्हनू? म्हनून राघो माजाच म्हटला. पानी कोनीतरी द्यायला पायजे व्हतं ना, इंदू."

"मी सांगते तिला. आत्ता सांगते."

"सांग की. माजं काय जातंय." विमलाबाई ताटाकडे बघत होती. "पन मंग तिच्या बापाला पानी कोनाच्या हातचं मिलालं, ते पन सांग."

इंदुबाईनं हातातला डबा ठेवला आणि ती जमिनीवर बसली. खरंच की. आता खरं बोललं तर पोरीचा बाप परक्या बाईच्या हातचं पाणी पिऊन गेला, असं होणार. पोरगी दोन समुद्र ओलांडून ज्याच्यासाठी आली ते तिच्या हातातून काढून घ्यायचं, आणि कशासाठी, तर आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून. जेव्हा बोलायचं होतं तेव्हा तोंडाला कुलूप, आणि आता बोलली तर वैरीण. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिनं डोक्यावर हात मारून घेतला. विमलाबाईनं तो हात धरून खाली आणला.

आतून कपबशांचा आवाज येत होता. तांब्यात पाणी अजून निम्मं होतं. एक गोष्ट करता येण्यासारखी होती. न सांगता, न बोलता, आपल्या हातानं ओंजळभर सोडायचं. पोरीला कळलं नाही तरी चालेल, राघोला कळेल, तिच्या बापाला कळेल. इंदुबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली, ताटाशी गेली, तांब्या उचलला आणि डाव्या हातानं उजव्या तळव्यात पाणी घेतलं.

तेवढ्यात उर्मिला चहा घेऊन दारात आली. कप पटकन खाली ठेवून तिनं इंदुबाईचं मनगट धरलं, अगदी हलकेच, मोठ्या माणसाला दुखू नये तसं.

"मावशी, राहू द्या," ती संकोचून म्हणाली. "आपण मनाने इतके केलेत, तेच पुष्कळ. पण बाबांनी सांगितले होते ना, घरच्याच हातचे."

तळव्यातलं पाणी बोटांमधून गळून गेलं. इंदुबाईनं विमलाबाईकडे बघितलं. विमलाबाई मान खाली घालून उभी होती.

"बरोबर हाय पोरी," इंदुबाई म्हणाली आणि तांब्या खाली ठेवला. "घरच्याच हातचं पायजे."